पत्ती जास्त, साखर कमी

वर्ध्यात चहाचं दुकान टाकायला कागद कोणते लागतात, ते नगरपालिका सांगेल. दुकान चांगलं की भिकार, हे मात्र काकाजी ठरवतात. आर्वी नाका असो, बजाज चौक असो, तिकडे हिंगणघाट-पुलगाव असो, प्रत्येक दुकानाच्या वाट्याला एक काकाजी येतोच. निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

अलीकडे पुण्याकडून ‘अमृततुल्य’च्या पाट्या आल्या. काकाजी दरफलक मोठ्यानं वाचतात. तंदूरी, गुळाचा, केशर, चॉकलेट. ‘‘केशर कुठलं रे बाबू? अन् चॉकलेटचा चहा कोण पिते?’’ मागे रांग वाढत जाते. शेवटी फर्मान सुटतं, ‘‘साधाच मांडजो. पत्ती जास्त, साखर कमी, अद्रक कुटून टाकजो. अन् दोनात तीन करजो.’’

तंदूरी चहावर त्यांचा विशेष राग. तापलेल्या कुल्हडात ओतलेला चहा फसफसून उतू जातो, तेव्हा काकाजी दोन पावलं मागे सरकतात आणि सांडलेल्याचे पैसे कोणाकडून घेता, असं विचारतात. एकदा तर त्यांनी कुल्हडाला बशी मागितली. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तरी चहा वाफाळता हवा, पंखा मात्र त्यांच्याकडेच फिरलेला हवा. आणि दुकानातल्या खारीकडे ढुंकूनही न पाहता, गोरस भांडारातून आणलेला गोरसपाक ते खिशातून काढून चहात बुडवतात. यावर दुकानदार काय बोलणार? गोरसपाकापुढे वर्ध्यात कोणाचंच काही चालत नाही.

दुसऱ्या घोटाला बापू निघतात. सेवाग्राम आठ किलोमीटरवर, त्यामुळे हे टळत नाही. बापूंनी ‘आरोग्याची किल्ली’ १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसात कैदेत असताना लिहायला घेतली. उकळलेल्या चहातलं टॅनिन शरीराला वाईट, असं तिच्यात बजावलंय. म्हणजे अमृततुल्य पुण्याचं आणि त्याचा निषेधही पुण्यातूनच! बापूंनी सांगितलेली निर्धोक रीत अशी, की पत्ती गाळणीत ठेवायची, वरून उकळतं पाणी ओतायचं, रंग सोनेरी आला की झालं. काकाजी ही रीत दुकानातल्या पोराला हातवारे करून समजावतात आणि त्याच दमात सांगतात, ‘‘आपला मात्र अजून दोन उकळ्या फुटू दे.’’

एवढं असून दुकानदार त्यांना उठवत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. परवा गुळाचा चहा नासला. काकाजी बाकावरूनच ओरडले, ‘‘गूळ उकळीत काहून टाकला? गॅस बंद कर, मग टाक!’’ पोरानं ऐकलं, पुढच्या वेळी दूध फुटलं नाही. चहा येतो त्या माणसाला, हे कबूल करावंच लागतं. शिष्टाचार येत नाही, आणि तो शिकवायची कोणाची छाती नाही.

पैशाची वेळ आली. पोरानं स्कॅनरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

‘‘मोबाइल घरी राहिला ना बाबू,’’ काकाजी म्हणाले, आणि त्यांचा खिसा वाजू लागला. जराही न गडबडता त्यांनी फोन काढून कानाला लावला.

‘‘हाव, इथंच बसलो आहो. येजो लवकर. अन् पाकीट आणजो.’’