सोळा हजारांच्या लेखकास, स. न. वि. वि.

माननीय लेखकमहोदय,

आपलं नाव मला ठाऊक नाही. खोक्यावर आपण ते छापलेलं नाही, आणि आयातदाराचा पत्ता इतक्या बारीक टाइपात आहे की माझ्या चष्म्याने हात टेकले. तरी आपला वाचक या नात्याने लिहितो आहे. माझ्या संग्रही आपली एकच कृती आहे : वायरलेस गेमिंग माउसचं खोकं, किंमत आठशे एकोणपन्नास रुपये. शेजारी 'मूळ किंमत ३,९९९' आणि त्यावर काट. काटही आपणच मारलीत ना? शैली ओळखू येते.

ही कृती मी भाचीसाठी घेतली. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडेच राहते, आणि रात्री साडेदहानंतर तिच्या खोलीतून "अगं मागे बघ, मागे!" असे आवाज येतात. तिथे व्हॅलोरंट नावाचा नेमबाजीचा खेळ चालू असतो. वाढदिवसाला माउस द्यायचा ठरला तेव्हा मी दोन हजारांच्या आतले सगळे माउस मोबाइलवर ओळीने पाहिले आणि ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा नि किंमत सगळ्यांत लहान, तो मागवला. आकडा आपला होता. १६,००० डीपीआय. त्याच्याखाली आग ओकणारा ड्रॅगन. ड्रॅगनचा माउसशी काय संबंध, हे मी त्या वेळी विचारायला हवं होतं.

"मामा, सेन्सर कुठलाय रे?" खोकं उलटंपालटं करत तिने विचारलं.

"लिहिलंय की. 'प्रोफेशनल गेमिंग-ग्रेड सेन्सर'."

"अरे मामा, डब्यात भाजी कुठली विचारलं तर कुणी 'चविष्ट भाजी' म्हणून सांगतं का?"

पुढे तिने मला जे समजावलं ते आपल्याला ठाऊक असणारच. एखादी गोष्ट इतक्या काळजीने लपवायची तर ती आधी नीट माहीत असावी लागते. माउसच्या पोटाखाली एक इवलासा कॅमेरा असतो, तोच सेन्सर. तो टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, मागचा-पुढचा फोटो ताडून पाहतो आणि हात किती सरकला ते मोजतो. एका इंचात तो किती पावलं मोजतो, तो डीपीआय. या कॅमेऱ्यालाही कुळ असतं. बाजारातले पुष्कळसे सेन्सर तैवानच्या पिक्सआर्ट कंपनीचे, आणि ३३११, ३३९५ असे त्यांचे क्रमांक. ज्याला सांगण्यासारखं असतं तो हा क्रमांक खोक्यावर छापतो. आपण ड्रॅगन छापलात.

आणि सोळा हजार कुठून आले? समजा, सेन्सरला इंचात खरीखुरी ३,२०० पावलं मोजता येतात. मग आतल्या चिपने एकेका पावलाची पाच करून सांगायची. झाले सोळा हजार! आमच्याकडे याला मापात पाप म्हणतात. आपल्याकडे त्याला 'अल्ट्रा प्रिसिजन' म्हणतात असं दिसतं. भाचीने माउस सगळ्यांत वरच्या डीपीआयवर ठेवला आणि पेंटमध्ये हळूहळू एक तिरकी रेघ ओढली. रेघ कसली, पर्वतीच्या पायऱ्या होत्या.

पण मला पटवलं ते ज्वारीच्या दाण्याने. आई बाहेर ताटात ज्वारी निवडत बसली होती. भाचीने एक दाणा उचलला आणि माउसला टेकवून टेबलावर ठेवला. "आता या दाण्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माउस ने." मी नेला. बाण स्क्रीनच्या डाव्या कडेवरून निघाला आणि उजव्या कडेला जाऊन आदळला. गणित सोपं आहे : तिच्या स्क्रीनच्या रुंदीत १,९२० ठिपके, इंचाला सोळा हजार पावलं, म्हणजे सगळी स्क्रीन पार करायला तीन मिलिमीटर. एवढ्याशा हालचालीत शत्रूच्या डोक्यावर नेम कसा धरायचा? म्हणून तर खेळून पोट भरणारे खेळाडूही सहसा ४००, ८००, फार तर १,६०० वर खेळतात. ३३९५ सेन्सरला २६,००० मोजता येतात, आणि खरोखर येतात, तरी तो हातात असलेला माणूससुद्धा आठशेवरच असतो. म्हणजे आपण खोटं बोललात हे तर झालंच, पण निरुपयोगी गोष्टीबद्दल खोटं बोललात. एवढी मेहनत?

"एवढ्या दाण्यात आमच्या वेळी चिमणीचंही पोट भरत नव्हतं," आई म्हणाली आणि दाणा परत घेऊन गेली.

दुसरं आपलं सुभाषित : 'झिरो लेटन्सी', म्हणजे शून्य विलंब. भाचीने माउस गरगरा फिरवून मोजणी केली. आकडा १२५च्या पुढे सरकेना. म्हणजे हा माउस सेकंदाला १२५ वेळा, दर आठ मिलिसेकंदांनी, "मी इथे आहे" असं कॉम्प्युटरला कळवतो. तिची स्क्रीन १४४ हर्ट्झची, दर सात मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवणारी. थोडक्यात, चित्र पुढे आणि माउस मागे. गेमिंगच्या माउसने हजार वेळा कळवावं अशी साधी अपेक्षा असते. शेकडा साडेबारा गुण मिळवून आपण स्वतःला शून्यात बसवलंत, हा विनय मानावा का?

लेखनशैलीचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगाला दाखवला. पहिला नमुना तर लाकडी होता, पोटाखाली दोन चाकं. १९७०मध्ये त्याचं पेटंट मिळालं, त्यावर नाव काय? 'डिस्प्ले सिस्टिमसाठी एक्स-वाय पोझिशन इंडिकेटर'. बस्स. वस्तू काय करते तेवढंच. हे नाव द्यायचं काम आपल्या हाती पडलं असतं तर लाकडाच्या ठोकळ्यावर 'मिलिटरी-ग्रेड नॅचरल बॉडी' लिहिलं असतंत.

खोक्यात आपलं एक लघुकाव्यही मिळालं. चकचकीत कार्ड : पाच तारे द्या, फोटो पाठवा, पन्नास रुपये मिळवा. ऑनलाइन अभिप्राय कसे असावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२मध्ये एक मानक काढलं, आयएस १९०००. आपल्या सोळा हजारांहून मोठा आकडा मला पुन्हा तिथे भेटला.

तिसऱ्या महिन्यात माउस तोतरा झाला. एकदा दाबलं की दोनदा. फाइल धरून ओढावी तर वाटेत सुटून भलत्याच फोल्डरात पडे. माझ्या ऑफिसच्या कामालाही मी तोच वापरत होतो, त्यामुळे साहेबांना एकच मेल दोनदा गेला आणि "एकदा कळलं" असं उत्तर आलं. खोक्यावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर लिहिलं, तर माझंच पत्र माझ्याकडे परत.

शेवटी माउस पुण्याच्या तपकीर गल्लीत नेला. दुरुस्तीवाल्या काकांनी पोटाखालची पट्टी सोलून चार स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं आणि हसायलाच लागले. आत, बोर्डाच्या मागे, डिंकाने चिकटवलेली बोटभर लोखंडाची पट्टी.

"ही कशाला?"

"वजनाला. हलका माल हातात घेतला की गिऱ्हाइकाला स्वस्त वाटतो ना."

महोदय, ही माझी आपल्याशी खरी ओळख. गेमिंगचे चांगले माउस हलके व्हावेत म्हणून लोक ग्रॅम-ग्रॅम कमी करतात, आणि आपण तराजूच्या पारड्याखाली चिकटवतात तसं लोखंड चिकटवलंत. काकांनी मग स्विच दाखवला. आत तांब्याची केसभर पत्ती असते. ती थकली की टेकताना थरथरते आणि एका दाबाचे दोन होतात. "बदलून देतो, शंभर रुपये. पण बदलू नका," ते म्हणाले. प्रकाशावर चालणारे स्विच असतात, त्यात टेकायला पत्तीच नसते, हेही त्यांनीच सांगितलं, फुकट. आपल्या खोक्यावर 'एक कोटी क्लिक' लिहिलं आहे. कुणाच्या मिळून?

एका बाबतीत मात्र मी आपल्यावर उगाच चिडलो होतो. बाण मधेच गोठायचा, त्याचं खापर मी आपल्यावर फोडलं. दोष माझा निघाला. माउसचा रिसीव्हर मी सीपीयूच्या मागे, निळ्या यूएसबी ३.०च्या खाचेत, हार्ड डिस्कला खेटून लावला होता. या खाचांतून निघणारा गोंगाट माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर पडतो. इंटेलने २०१२मध्येच ते लिहून ठेवलं आहे. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर टेबलावर आणला आणि बाण चालू पडला. तेव्हा या एका आरोपातून आपण सन्मानाने मुक्त.

दिवाळीत भाचीने साठवलेल्या पैशांतून स्वतःच माउस आणला. लॉजिटेकचा जी३०४, २०१८पासूनचं मॉडेल, माझ्या माउसच्या जवळपास तिप्पट किमतीचा. दिवे नाहीत. ड्रॅगन नाही. आत एक पेन्सिल सेल. कंपनी म्हणते, अडीचशे तास चालतो. सेलसकट वजन ९९ ग्रॅम. सेन्सरचं नाव खोक्यावर, सेकंदाला हजार वेळा कळवणारा. डीपीआय १२,०००, म्हणजे आपल्यापेक्षा चार हजारांनी गरीब. ती तो आठशेवर चालवते. उरलेले अकरा हजार दोनशे पडून आहेत. हवे असतील तर घेऊन जा, आपल्याला आकड्यांची गरज असते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तोही आपल्यासमोर अगदीच किरकोळ, पण सोमवारी लावून बघणार आहे.

माउस कचऱ्यात गेला. लोखंडाची पट्टी काकांनी ठेवून घेतली. खोकं मात्र, खरं सांगतो, फार मजबूत आहे. चुंबकाचं झाकण, आत मऊ फोम, कोपरेही अजून शाबूत. आईने ते उचललं आणि त्यात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या : सकाळच्या ड्रॅगनकडे, रात्रीच्या 'झिरो लेटन्सी'कडे. काल रात्री तिने मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, गोळी घेतली का मी? बघ बरं सोळा हजारात."

कळावे,

आपला आठशे एकोणपन्नास रुपयांचा वाचक