येऊलालो

लातूरकडच्या आमच्या चाकूरला कुणाची वाट पाहात उभं राहायची वेळ आली आणि न राहवून त्याला फोन लावला, की पलीकडून एकच शब्द येतो, ‘येऊलालो.’ हा शब्द ऐकून मुरलेला माणूस शांतपणे टपरीवर चहा सांगतो आणि नवखा माणूस रस्त्याच्या वळणाकडे टक लावून बसतो. फसवणूक मात्र दोघांपैकी कुणाचीच झालेली नसते. येणारा कदाचित अजून अंगावर पाणी घेत असेल, कदाचित मोटरसायकलची किल्ली कुणी कुठं ठेवली यावरून घरात चौकशी बसलेली असेल; पण मनानं त्यानं उंबरा ओलांडलेला असतो, आणि आमच्याकडच्या व्याकरणाला तेवढं पुरतं.

पुण्यामुंबईची मराठी अशा वेळी ‘येतोय’ म्हणते. म्हणजे ‘येतो आहे’. तिकडचं क्रियापद ‘असणे’च्या खांद्यावर हात टाकून उभं असतं. आमचं क्रियापद टेकलंय ते ‘लागणे’वर. येऊ लागलो, येऊ लालो, येऊलालो. करू लागलास, करूलालास. पुस्तकातल्या मराठीत ‘पाऊस पडू लागला’ म्हणजे पहिले थेंब आले, अंगणातले पापड उचला. चाकूरला ‘पाऊस पडूलालाय’ म्हणजे तो सकाळपासून लागून राहिलेला असू शकतो, ओढ्याला पाणी आलेलं असू शकतं, तरी आमच्या लेखी तो आपला पडू लागतोच आहे. गावागावाला या रूपाचं तोंड थोडं थोडं बदलतं. कुठं ‘करलालाय’ ऐकू येतं, नांदेडच्या अंगाला सरकलं की ‘करायलाय’. निजामाच्या राज्यातला हाली शिक्का हातोहाती फिरून झिजायचा, वरची अक्षरं पुसट व्हायची, तरी बाजारात चालायचा; तसा या ‘लागला’मधला ‘ग’ किती पिढ्यांच्या जिभांवरून फिरून गुळगुळीत झाला कुणास ठाऊक. किंमत मात्र कमी झाली नाही. उलट वाढली. एक साधं क्रियापद होतं, ते काळ दाखवणारं शेपूट झालं.

अशा घडामोडीला भाषाशास्त्रात व्याकरणीकरण म्हणतात. शब्द स्वतःचा अर्थ हळूहळू सोडून देतो आणि दुसऱ्या शब्दांच्या सेवेला लागतो. हे नाव रूढ करणारा लेख आंत्वान मेये या फ्रेंच पंडितानं १९१२ साली लिहिला. त्याच्याच फ्रेंचमधला भविष्यकाळ पाहा. लॅटिनमध्ये ‘गायचं आहे माझ्याकडे’ अशा धाटणीची रचना होती. बोलता बोलता त्यातलं ‘असणे, बाळगणे’ हे क्रियापद विरघळलं आणि ‘गाईन’चा प्रत्यय होऊन बसलं. पॅरिसमध्ये झालं की त्याला उत्क्रांती म्हणायचं आणि चाकूरला झालं की ‘भाषा अशुद्ध आहे’ म्हणायचं, हा न्याय मला कधी उमगला नाही. ‘येतो आहे’चं ‘येतोय’ करताना पुण्यानंही ‘आहे’चा गळा दाबलाच होता की! फक्त त्यांचा गुन्हा छापून आला, म्हणून तो नियम झाला.

गंमत अशी की आमचा ‘ग’ सगळीकडे झिजलेला नाही. भूक लागते तेव्हा तो शाबूत असतो. नाद लागतो, नजर लागते, ठेच लागते, विहिरीला पाणी लागतं, तेव्हाही कुणी त्याला हात लावत नाही. ‘मला भूक लालीय’ असं चाकूरचं लेकरूही म्हणणार नाही. एकच शब्द एका घरी पाहुणा म्हणून येतो तेव्हा पूर्ण पोशाखात असतो आणि दुसऱ्या घरी गडी म्हणून राबतो तेव्हा बाह्या वर सारलेल्या असतात. बोलणाऱ्याला हा फरक कुणी शिकवलेला नसतो. व्याकरण म्हणून आपण ज्याला घाबरतो ते असं न शिकवता आलेलं असतं, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर कित्येकांचे मराठीचे पेपर हसतखेळत गेले असते. आणि ‘लागणे’चा एक वापर तर माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. आपण नातं विचारतो ते कसं? ‘ती तुझी कोण लागते?’ आमच्या गल्लीतली आक्का माझी नेमकी कोण लागते हे तीन पिढ्यांची नावं घेतल्याशिवाय सांगता येत नाही. पण लागते, हे नक्की. तिथंही ‘ग’ पूर्ण उच्चारला जातो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांचं वय बावीसच्या आसपास होतं. बावीस वर्षांच्या मुलानं अख्ख्या भाषेला शिस्त लावायला बसावं, हे वयाला धरूनच झालं. पुढं मोरो केशव दामले यांचा शास्त्रीय मराठी व्याकरणाचा भला थोरला ग्रंथ १९११ साली आला. या दोघांच्या काळात चाकूर निजामाच्या राज्यात होतं. कचेरीत आधी फारसी, मग उर्दू, घरात मराठी, आणि शेजारच्या बीदरकडून कानडी. आक्का, अण्णा, आप्पा ही आमची घरोघरची मंडळी त्याच वाटेनं आली आणि परत गेली नाहीत. ग्रिअर्सन साहेबांनी हिंदुस्थानातल्या भाषांची थोरली पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ सालचा. पण हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिलं. मला हे वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण बरंच वाटलं. इतरत्र लोक वह्या घेऊन क्रियापदं टिपत होते तेव्हा आमचं ‘करूलालाय’ कुणाच्या नजरेला न पडता आपल्या पायानं चालत होतं. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली, पुढं आम्ही मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आलो, आणि मागोमाग शाळेत प्रमाण मराठी आली.

ती शिकवणारे आमचे एक गुरुजी होते. वर्गात फळ्यावर ते सुबक अक्षरात लिहीत, ‘मुले अभ्यास करत आहेत.’ चालू वर्तमानकाळ. तेवढ्यात खिडकीबाहेर पेरूच्या झाडाखाली हालचाल दिसे आणि गुरुजी खडू हातात तसाच धरून गरजत, ‘काय करूलालाव रे तिथं?’ वर्गातलं कुणीही हसत नसे, कारण त्यात हसण्यासारखं काही आहे हे कुणाला कळतच नव्हतं. फळ्यावरचा वर्तमानकाळ परीक्षेसाठी होता, खिडकीतला वर्तमानकाळ पेरूंसाठी. पुढं कॉलेजात गेल्यावर एकाच माणसाच्या तोंडात अशा दोन भाषा आपापल्या वेळा सांभाळून राहतात याला शास्त्रात भारदस्त नाव आहे हे समजलं, तेव्हा मला पहिल्यांदा ते गुरुजीच आठवले.

प्रमाण मराठीचा मला राग नाही. तिच्यातही मौजा आहेत. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागायचा असेल तर नामाला आधी थोडं वाकावं लागतं. घोडा ताठ उभा असतो, ‘ला’ आला की घोड्याला होतो. या वाकण्याला सामान्यरूप असं सोज्वळ नाव आहे. आता पुणे पाहा. एवढं मानी शहर, पण एका ‘ला’पुढं वाकून पुण्याला होतं. सातारा साताऱ्याला होतो, ठाणे ठाण्याला. आणि चाकूर? चाकूरला. लातूरला, उदगीरला, नांदेडला. कणा ताठ. ‘त’ आला तर मात्र चाकुरात म्हणताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, एवढी लवचीकता आम्हीही ठेवली आहे. ‘कर’पुढं मात्र पुणेकरही ताठ राहतो आणि चाकूरकरही. गावागावांत इतके पाटील आहेत की नुसत्या पाटील या आडनावावर टपालसुद्धा पोचणं मुश्कील. म्हणून शिवराज पाटील यांच्या नावाला चाकूरकर जोडलं गेलं, आणि ते १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते तेव्हा दिल्लीच्या वर्तमानपत्रांतही आमचा हा दोन अक्षरी प्रत्यय हिंडून आला.

रेल्वेचंही एक व्याकरण असतं. आमच्या तालुक्यात लातूर रोड नावाचं जंक्शन आहे. तिथं लातूर नाही. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावाला ‘रोड’ हा शब्द लागला की त्याचा अर्थ ‘इथं उतरा आणि पुढं रस्त्यानं जा’ असा होतो. शब्दयोगी अव्ययाचं याहून चोख उदाहरण दामल्यांनाही मिळालं नसतं. पण ज्याला हे अव्यय ठाऊक नाही तो अपरात्री लातूर आलं म्हणून सामानासकट उतरतो आणि फलाटावरच्या अंधाराकडे पाहून घरी फोन करतो, ‘पोचलो.’ त्या बिचाऱ्यानं ‘पोचूलालो’ म्हटलं असतं तर अगदी खरं बोलला असता.

खरं सांगायचं तर मला आमचं हे व्याकरण आता वयपरत्वे जास्तच पटू लागलंय. ‘असणे’वर टेकलेला माणूस म्हणतो, मी करतो आहे; त्यात एक बसका आत्मविश्वास असतो. ‘लागणे’वर टेकलेला माणूस सदा आरंभाशी उभा. आमचा शिंपी सणाच्या आदल्या दिवशीही ‘शिवूलालो’ म्हणतो आणि कापडाची घडी मोडलेली नसते. पंचायतीच्या नळाला पाणी ‘येऊलालंय’, आणि खाली मांडलेल्या घागरी कोरड्या. यात आळस आहे असं परगावचे लोक म्हणतात. असेलही. पण आक्का ऐंशी ओलांडून पुढं गेली, दात गेले, कान मंद झाला, आणि परवा ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळताना मला म्हणाली, ‘आता म्हातारी होऊलाले बग मी.’ तिच्या बोलीत म्हातारपण अजून नुकतंच येऊ लागलं होतं. हे वाक्य प्रमाण मराठीत नेऊन पाहिलं तर नुसता आहेपणा उरतो, आणि आक्का एका क्षणात खरोखरची म्हातारी दिसायला लागते. मी ते नेणं सोडून दिलं.

अलीकडच्या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या सोबतीनं महाराष्ट्रभर फिरून बोलींचं सर्वेक्षण केलं. लोकांना छोट्या चित्रफिती दाखवायच्या आणि यात काय चाललंय ते सांगा म्हणायचं, अशीही एक पद्धत त्यांनी वापरली. ग्रिअर्सनची राहिलेली उधारी उशिरा का होईना कुणी फेडायला घेतली, हे छान झालं. पण कुणी माझ्या मताला किंमत देणार असेल तर मी त्यांना चित्रफितीऐवजी आक्काच्या भाच्याचा रविवारचा फोन ऐका म्हणेन. पोरगा पुण्याला आयटीत आहे. तिथं तो दिवसभर ‘करतोय, बघतोय, पाठवतोय’ करतो, आणि फोनच्या सुरुवातीला ती इस्त्री तशीच असते. ‘आक्का, मी जेवायला निघतोय, तू कशी आहेस?’ आक्का गुडघ्याचं सांगते, शेजारच्या म्हशीचं सांगते, सोयाबीनचा भाव सांगते. म्हशीपर्यंत त्याचं ‘आहे’ टिकतं. सोयाबीनला ते डळमळतं. मग कुठंतरी भावकीतल्या बांधाचं भांडण निघतं आणि पलीकडून तिखट आवाज येतो, ‘मंग तात्या काय बोलूलालाय आता?’ इथून पुढं अर्धा तास आक्का पदर सावरून बसते. आणि पोरानं ‘येऊलालो की दिवाळीला’ म्हटलं, की ती फोन ठेवून लगेच भाजणीचं बोलायला लागते, दिवाळीला अजून दोन महिने असले तरी.