सीटला पंखा, वर टॉवेल

घिवलीत समुद्राचा वारा फुकट मिळतो. तरी मेव्हण्याने सीटमधून वारा येणारी गाडी घेतली. आठवड्यात तक्रार सुरू : “भावोजी, पाठ काही गार होत नाही.” शेजारी तारापूरला १९६९ मध्ये देशातली पहिली अणुवीज तयार झाली, इथे सीटमधला पंखा फिरतो की नाही, हे ठरेना.

ही सीट म्हणजे एसी नव्हे. आतला छोटा पंखा बारीक भोकांतून गाडीतलीच हवा फुंकतो, नाहीतर ओढतो. गाडी ऑक्टोबरच्या उन्हात तापलेली असली, तर हवाही तसलीच. म्हणून आधी एसी, मग सीट. तपासायला टिश्यूचा तुकडा पुरतो : फुंकणारी सीट तो फडफडवते, ओढणारी चिकटवून घेते.

मी तुकडा घेऊन गेलो. ठेवणार कुठे? भोकांवर रेक्झिनचं कव्हर, त्यावर टॉवेल, टॉवेलवर लाकडी मण्यांची जाळी. खाली पंखा बिचारा घुंघुं करत होता.

“कव्हर काढ.”

“वा! नवी सीट खराब नाही होणार?”

पलीकडे बांबूवर बोंबील वाळत होते. उघडेच. त्यांची काही तक्रार नव्हती.