गावरानी अंड्याले रंग कायचा चढते?

अवं काकू, या जराशा कुंपणाजवळ. समोरच्या मावशीच्या घरी काय चालू हाये, कळलं का? सकाळपासून गंजभर कांद्याचे टरफलं उकळून राह्यले. मले वाटलं भाजी लागली बुडाले! जाऊन पाह्यलं तं अंडे रंगवाची तयारी. येत्या इतवारी ईस्टर नाही का? औंदा हनुमान जयंतीची पुनव 2 एप्रिलले अन् ईस्टर 5 ले. मावशी म्हणे, 21 मार्चपासून जे पयली पुनव येते, तिच्या नंतरचा इतवार धरतात. मिशनवाले वऱ्हाडात आले, तवापासून मावशीच्या घरी हेच गणित.

पण खरी गंमत सुनेची. सून वसईची. तिले पाहिजे पोल्ट्रीचे पांढरे अंडे अन् त्याच्यावर बाजारातला निळा-गुलाबी रंग. मावशीच्या कोंबड्या साऱ्या गावरानी. कोणतं अंडं फिकं बदामी, कोणतं तांबूस. अन् एकच कोंबडी खुडूक व्हायच्या आधी फिके देते, नव्यानं अंडे द्याले लागली का गडद. त्याच्यावर निळा टाकला तं चिखलावानी झाला! मंग पोरीनं म्हटलं, आधी हा तांबडा रंगच काढतो. तसं तिचं चुकलं नाही. तांबडा रंग वरच्या वरच असते, अंडं पडाच्या आधी शेवटच्या काही तासात चढते. व्हिनेगरमंधी ठेवून घासलं का खालून पांढरं कवच निघते. पण हे बाई रातभर विसरली. कवच चुन्याचं, विरघळून गेलं सारं! सकाळी हातात निस्तं लिबलिबीत. मावशी काही बोलली नाही. मी मात्र पदरात तोंड घालून हासलो.

त्याच्यावर कोणीतरी तिले सांगतलं का कडकनाथचे अंडे काळे असतात, थेच आणा. आता काय बोलाव? कोंबडी काळी, मांस काळं, 2018 मंधी झाबुआच्या नावानं भौगोलिक मानांकनही भेटलं. पण अंडं आपलं साधं बदामीच.

मावशीचं म्हणणं मले पटलं बाप्पा. अंड्याचा रंग झाकाचा कायले? त्याच्यातच भर घालाची. कांद्याचे टरफलं, तेही लाल कांद्याचे, अर्धा-पाऊण तास उकळाचे, गाळाचे, निवू द्याचे. मंग चमचाभर व्हिनेगर टाकून त्याच पाण्यात अंडे हळू आचेवर शिजवाचे. पांढऱ्यावर निस्ता नारंगी येते, गावरानीवर असा दाट तांबडा का पाहत राहावं. मावशी तं शिजवाआधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवते, जुन्या ओढणीच्या तुकड्यात गच्च बांधते. सोडलं का पानाचा ठसा! वरून जवसाच्या तेलाचा हात फिरवला का चकाकते. हळदीनं सोनेरी येते. बीट मात्र निक्कामं. वाटीत लाल, अंड्यावर मळकट.

अन् हो, उन्हाळा हाये हा खामगावचा. कोंबडा फिरते त्या घरचं अंडं एप्रिलच्या गर्मीत दोन-चार दिवस बाहेर राह्यलं तं आत पिलाची सुरुवात होऊन जाते. मावशी रोजच्या रोज उचलते, पाण्यात टाकून पाहते. तरंगलं ते फेकते. उकडलेले इतवारी चर्चमधून आल्यावर लगेच वाटून टाकते.

आमच्या इथं? सासूबाईंच्या गळ्यात माळ, शेगावची वारी. अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. पोट्टे आंगणात खातात, हात धुवून घरात येतात. तरी सांगू का, काल रातच्याले त्याच मले म्हणे, "होळीचे वाळलेले पळसाचे फुलं हायेत डब्यात, दे तिले. केशरी रंग येईन म्हणा." खाणार नाहीत, पण पाहाले सगळ्यात पुढं त्याच!

तुमच्या घरी कांदे आले न कालच वावरातून? टरफलं फेकू नका; अजून एक गंज लावाचा म्हणते मावशी. आता जातो, नळ आला वाटते.