समोरच्या दुकानदाराशी गणिताने भांडावे कसे?

साहित्य : एक फरसाणाचे दुकान, समोर दुसरे फरसाणाचे दुकान, उधारीची वही आणि दिवाळीचा हंगाम.

१. जागा. प्रतिस्पर्ध्यापासून लांब पळू नका. दोन विक्रेते गिऱ्हाइकापायी सरकत सरकत शेवटी एकमेकांना कसे खेटतात, हे हॅरॉल्ड हॉटेलिंगने १९२९ मध्येच मांडले. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील साडीवाल्यांनी तो निबंध वाचल्याचा पुरावा नाही. दुकाने मात्र खेटूनच आहेत.

२. हिशेब. चकली किलोमागे ३०० रुपयांना पडते आणि भाव ४०० किंवा ३८० एवढेच ठेवता येतात, असे धरा. दोघेही ४०० ने विकता, रोज प्रत्येकी ५० किलो खपते, नफा ५,००० रुपये. तुम्ही गुपचूप ३८० केलेत, तर ९० किलो तुमच्याकडे, नफा ७,२००. समोरच्या शेटना १० किलोंचे १,०००. हात शिवशिवणारच. पण वही शेटकडेही आहे. संध्याकाळी तेही ३८० ची पाटी लावतात. नफा दोघांचाही ४,०००. खूश फक्त गिऱ्हाईक.

३. समतोल. आता एकट्याने भाव वाढवावा तर नफा १,००० वर येतो, म्हणून दोघेही तिथेच अडकता. याला नॅश समतोल म्हणतात. जॉन नॅशने तो १९५० मध्ये मांडला, नोबेल १९९४ मध्ये मिळाले. तुमचा पीठवाला उधारीसाठी इतका थांबणार नाही.

४. वागणूक. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हाच डाव पुन्हा पुन्हा खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमची स्पर्धा भरवली, तेव्हा ॲनाटोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यांत छोटा प्रोग्रॅम जिंकला : जशास तसे. यातले बदला घेणे आपल्याला शिकवावे लागत नाही. त्याची सुरुवात गोडीने होते आणि समोरचा सुधारला की तोही लगेच मागचे विसरतो, हा भाग मात्र दोनदा वाचा.

५. मुदत. डाव कधी संपणार हे कळू देऊ नका. शेवटच्या दिवशी गोड वागण्यात कुणाचाच फायदा नसतो. ‘दुकान बंद करणे आहे’ ही पाटी लावायचीच असेल, तर वर्षानुवर्षे लावून ठेवा.

६. धोका. शेटबरोबर चहा घ्या, पण चहावर भाव ठरवू नका. २००२ च्या स्पर्धा कायद्यात संगनमताला दंड आहे, आणि आधी येऊन पुराव्यानिशी कबुली देणाऱ्याला तो पूर्ण माफही होऊ शकतो. म्हणजे सरकारनेही हा सिद्धान्त वाचला आहे, आणि शेटनीही वाचला असेल.

एवढे सगळे पाळल्यावर रस्ता एक, भाव एक आणि गल्ल्यातली रक्कमही जवळपास एकच उरते. यातून सुटण्याचा सरळ मार्ग अर्थशास्त्रालाही मान्य आहे : तुमची चकली त्यांच्या चकलीसारखी नसावी. तेव्हा वही मिटा आणि भाजणी नीट भाजा.