एकादशीची ओहोटी

राणीसावरगावाला समुद्र नाही. ही तक्रार आजवर कुणी ग्रामसभेत मांडलेली नाही, पण म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही. बालाघाटाच्या खडकावर बसलेलं आमचं गाव. रेणुकामातेची कृपा आहे, बाकी पाण्याच्या बाबतीत ज्याचं त्याचं बोअर आणि ज्याचं त्याचं नशीब. तालुक्याला, गंगाखेडला, गोदावरी आहे. तिला आम्ही गंगाच म्हणतो. पण ह्या गंगेचंही समुद्राशी वाकडंच. त्र्यंबकेश्वरी जन्मली तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर होता. बाईनं त्याच्याकडं पाठ फिरवली आणि 1,465 किलोमीटर चालून आंध्रात बंगालचा उपसागर गाठला. कोकणातल्या नद्यांना असली हौस नाही. सकाळी सह्याद्रीत निघायचं आणि दिवेलागणीच्या आत समुद्रात.

तरीही समुद्र आमच्यापासून फक्त एका रस्त्यावर आहे. अहमदपूरला गेलं की जो महामार्ग लागतो तो मिऱ्या-नागपूर महामार्ग. लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीत मिऱ्या बंदरावर संपतो. आमच्या मामांनी हे नाव अनेक वर्षं ऐकलं होतं. "ह्यो मिऱ्या कोण? आमदार हाय का?" असं ते विचारत. बंदर आहे म्हटल्यावर त्यांनी ठरवलं की रस्ता संपतो तिथपर्यंत गाडीनं जायचं आणि पुढं पायी चालायचं. मामा माळकरी. आषाढीला पायी पंढरपूर करणारे. चालणं हा विषय आपल्या अखत्यारीत येतो अशी त्यांची समजूत आहे. मामी सोबत निघाल्या त्या मामांवर लक्ष ठेवायला, आणि मी गेलो ते दोघांचं सामान उचलायला.

रत्नागिरीत चालण्याची पहिली अडचण अशी की सरळ कुठं जाताच येत नाही. पश्चिमेला समुद्र. दक्षिणेला जावं तर काजळी नदीची भाट्याची खाडी. उत्तरेला जावं तर साखरतरची खाडी. मधल्या जागेत शहर, आणि तेही सपाट नव्हे. वर सडा, खाली आगर, आणि दोहोंच्या मध्ये जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. रस्ता विचारला की माणूस हात हलवून सांगतो, "ह्ये काय, पाखाडी उतरलात की आलंच." आमच्याकडं "आलंच" म्हणजे अर्धा कोस. इकडं "आलंच" म्हणजे दोनशे पायऱ्या, आणि येताना त्याच दोनशे चढायच्या, ह्याचा उल्लेख करायची पद्धत नाही.

मांडवीच्या जेटीपासून सुरुवात केली. तिथून भगवती किल्ल्याकडं चालत निघालं की डाव्या हाताला काळा समुद्र आणि किल्ल्याच्या पलीकडं पांढरा समुद्र, असं गावात सांगतात. फरक वाळूच्या रंगाचा. मामांनी दोन्हीकडचं पाणी चाखून बघितलं आणि निकाल दिला, "दोनी बी खारट. ह्याच्यात मोसंबी काय यायची नाय." किल्ल्यावर भगवतीचं दर्शन झालं, दीपगृह झालं, आणि खाली मिरकरवाडा बंदर दिसलं. मामांना ते वरून फार आवडलं. शेकडो बोटी, रंगीत झेंडे, अगदी दिंड्या उतरल्यासारखं. मग आम्ही खाली उतरलो. बोटींतून काय उतरतंय ते मामांनी पाहिलं आणि त्यांचा हात तुळशीच्या माळेकडं गेला. पंढरीच्या वाटेवरही मामा कधी इतक्या वेगानं चालले नसतील. मामी मात्र रेंगाळल्या. "बांगडा केवढ्याला दिलाव?" असं त्यांनी एका कोळणीला विचारल्याचं मी ऐकलं, पण घरात शांतता हवी म्हणून ऐकलं नाही.

दुसऱ्या बाजूला राजिवडा. इथून भाट्याची खाडी समोर पसरते आणि पलीकडं भाट्ये गाव दिसतं. मामी खाडीकडं बघत थांबल्या. "अवं, ही नदी उलटी का वाहू लालीय?"

खरोखरच उलटी वाहत होती. पाणी समुद्राकडून डोंगराकडं चाललं होतं, वर तरंगणारा पालापाचोळाही त्याच वाटेनं. जन्मभर गोदावरीच पाहिलेल्या माणसाला हे दृश्य अवघड जातं. आमच्याकडची नदी कोरडी पडते, पूर येतो, रेती चोरीला जाते. पण माघारी फिरत नाही. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या चाचांनी सांगितलं, "भरतीचं पाणी हाय. उद्या या, सुकती बघून." उद्या सुकती, म्हणजे ओहोटी, किती वाजता, असं विचारलं तर उलट त्यांनीच विचारलं, "उद्या चांद कितवा?"

इथं मामा जागे झाले. चांद त्यांना माहीत नव्हता, पण तिथी होती, कारण उद्या उपास होता. "एकादशी!" चाचांनी बोटं मोजून त्यांच्या हिशोबानं दहावा चांद काढला. मामांनी सांगितलं अकरा. एका तिथीला भरती पाऊण तासानं पुढं सरकते, तेव्हा दोघांच्या हिशोबात पाऊण तासाचं भांडण निघायला हवं होतं. पण चंद्रकोर दिसल्यापासून मोजायचं आणि अमावास्येपासून मोजायचं ह्यातला फरक चाचांनी आधीच धरलेला होता. कोकणकिनाऱ्यावरचा ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. शाळेत पाठ केलेली पाऊणकी मामांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली. "अकरा पाऊण सव्वाआठ!" मामा ओरडले. सव्वाआठला भरती, म्हणजे सव्वासहा तासांनी, अडीचच्या सुमाराला, पुरती ओहोटी. चाचांनी मान डोलावली. त्या क्षणापासून रत्नागिरीचा समुद्र मामांच्या ताब्यात आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेला निघालो. आधी मिऱ्या. राष्ट्रीय महामार्ग संपतो तिथं काहीतरी कमान, निदान फीत कापल्याची खूण असेल, अशी मामांची अपेक्षा होती. किनाऱ्याला मोठमोठ्या दगडांचा बंधारा आहे. त्यालाच लागून बसरा स्टार नावाचं अवाढव्य जहाज 3 जून 2020 ला निसर्ग वादळात येऊन रुतलं आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच पडून राहिलं, ही हकिगत मामांनी दोनदा सांगायला लावली. "पाच-पन्नास माणसं लावून ढकललं नाय का?" गंगाखेड रस्त्यावरच्या जीपचा अनुभव जहाजाला लागू पडत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मग शिरगाववरून साखरतरचा पूल ओलांडून काळबादेवी. पूल नव्हते तेव्हा ह्या सगळ्या खाड्यांवर तर, म्हणजे पलीकडं नेणारी होडी, चालायची. तरीवाला जेवायला गेला की दोन गावांचा संबंध तुटायचा. आता पुलावरून रिक्षा जाते. पण काळबादेवीची पुळण अजून चालणाऱ्यांसाठीच आहे. अडीचला ओहोटी म्हणून आम्ही दीडला उतरलो. ओल्या वाळूवर पाय रुतत नाही, गुडघा बोलत नाही, आणि आरे गाव समोर दिसत राहतं. मामा अनवाणी, धोतराचा सोगा खोचून, पुढं. मामी मागं. वाटेत बायका टोपल्या घेऊन शिंपल्यातले मुळे वेचत होत्या. मामांनी तोंड समुद्राकडं केलं, त्यामुळं मामींनी कुणाकडून काय घेतलं ते त्यांना कळलं नाही.

आऱ्याच्या पुढं पुळण संपते आणि रस्ता डोंगरावर चढून वारे गावाकडं उतरतो. चढणीवर मामांनी बसकण मारली आणि तिथंच त्यांना ह्या सगळ्या प्रवासातला परमानंद झाला. वळणावरून पाण्याचा टँकर आला! रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या तिपटीहून अधिक. पण जांभा पाणी धरत नाही. पडलं तसं खाली जातं, आणि उन्हाळ्यात सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, ते पाहिलेले मामा उभे राहिले आणि त्यांनी टँकरला चक्क हात जोडले. "आपलीच मानसं हायत ही," ते म्हणाले. ड्रायव्हरनं आम्हाला गणपतीपुळ्याच्या रस्त्यापर्यंत आणून सोडलं. चालण्याची प्रतिज्ञा टँकरला लागू नाही, असा मामांचा निर्वाळा होता.

रात्री खोलीवर मामा साबुदाणा खात होते आणि मामी शेजारच्या घरवालीकडं "मीठ मागायला" गेल्या होत्या. बराच वेळ.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा. पाणी सोबत घ्या. पंचांग घ्या, पाऊणकी येत नसेल तर मामांसारखं माणूस घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पुळणीवरून आत-बाहेर करताना जास्त जपा. आणि ओहोटीला खाडी उथळ दिसली म्हणून पायी ओलांडायला जाऊ नका. मधल्या प्रवाहाला तळ नसतो आणि पाणी परतायला फार वेळ लावत नाही. पूल आहे, पुलावरून जा.