आपल्या तुपाची नानकटाई

परवा मॉलमधून नानकटाईचं पाकीट आणलं. मॉलने स्वतःच्याच नावाने काढलेलं, शेजारच्या नामांकित पाकिटाहून स्वस्त आणि त्या स्वस्तपणाने जरा ओशाळून सगळ्यांत खालच्या फळीवर बसलेलं. घरी येऊन चष्मा लावला आणि तिची कुंडली वाचली: मैदा, साखर, पामतेल आणि तळाशी वेलची, म्हणजे वेलची नव्हे, वेलचीचा स्वाद. बाराच्या बारा एकसारख्या, भेगासुद्धा मोजून पडलेल्या, जणू सगळ्यांनी एकाच न्हाव्याकडे भांग पाडून घेतला असावा.

आमच्या लहानपणी नानकटाई विकत आणत नसत, करून आणत. दिवाळीच्या आधी आई मैदा, पिठीसाखर आणि घरी कढवलेलं तूप घेऊन बेकरीत निघायची. मागून मी, पत्र्याचा डबा सांभाळत. डब्यावर ऑइलपेंटने आमचं आडनाव. पावाची भट्टी निवत आली की नानकटाईचा नंबर लागायचा, कारण तिला जाळ सोसत नाही, उरलेली धग मानवते. कारागीर परातीत तूपसाखर तळव्याने पांढरीशुभ्र होईस्तोवर फेसायचा आणि आई बाकावर बसून, उमेदवाराचा माणूस मतपेटीकडे बघतो तशी, त्याच्या हातांकडे बघत राहायची. आपलं तूप आपल्याच मैद्यात जावं, मध्येच डालडा शिरू नये, एवढंच तिचं म्हणणं.

एका दिवाळीत ती भाजी घ्यायला उठली आणि राखण माझ्याकडे आली. मी निखाऱ्यांत हत्ती-घोडे शोधत बसलो. ट्रेवर खडूने नंबर घातलेले असत; आमचा 7, डब्यात भरला गेला 9. मला दिसलं तेव्हा आमचा 7 कुणाच्या तरी डब्यात बसून गल्लीच्या टोकाला पोचला होता. घरी आजोबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "घरच्या तुपाची गोष्टच वेगळी." मी गप्प राहिलो. हा कबुलीजबाब पहिलाच.

तशी नानकटाई कुणाच्याच घरची नव्हे. नान म्हणजे फारसीतली रोटी. सुरतेत डचांच्या मागे राहिलेल्या भट्टीतून ती पारशी बेकरीवाल्यांच्या हाती आली, असं सांगतात. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुणीला आम्ही डब्यावर आडनाव घालून आमची माहेरवाशीण करून टाकलं होतं. मॉलने तरी वेगळं काय केलं? त्याने आपलं नाव छापलं, आम्ही रंगवलं होतं.

चवीचं म्हणाल, तर वाईट नाही. विरघळते, फक्त जाताना टाळूला तेलाचा पातळसा पापुद्रा ठेवून जाते, निरोप घेऊनही दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा. तो डबा अजून आहे, आडनावातलं एक अक्षर तेवढं उडालंय. पाकीट मी त्यात रिकामं केलं आणि एक नानकटाई आईच्या हातावर ठेवली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने डब्याकडे पाहिलं, सावकाश चघळलं आणि विचारलं, "तूप आपलंच ना रे?"

"आपलंच," मी म्हणालो.

तिने आणखी एक मागून घेतली.